सात नंबरची फ्लॉपी

पहिल्याच ओळीत माफी मागून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर असं, की चार दिवसांनी माझं मलाच लागत नाही. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर पेन हातात आलं ते वाण्याची यादी करण्यापुरतं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर अक्षरातल्या चुका पोटात घाला. कामातली जी चूक झाली ती मी पुढे लिहिणारच आहे.

महाप्याच्या एका लहान ऑफिसात मी झाडू-पोछा आणि चहाला लागले. करावे गावातून सकाळची बस धरायची. तेव्हा छोट्या कारखान्यांकडे कंप्युटर नसायचे. ते हजेरीचं रजिस्टर आमच्याकडे पाठवायचे आणि आम्ही त्यांचे पगाराचे तक्ते छापून द्यायचो. मालक दिघे साहेब आठवड्यातून दोनदा यायचे. रोजचा कारभार शुभदा मॅडमचा. वाशीला राहायच्या, बोलणं फटाफट, एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने कीबोर्ड.

ऑफिसात एक मोठा प्रिंटर होता. त्याला दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद लागायचा आणि तो दिवसातून पाच वेळा अडकायचा. एकदा सगळे त्याच्याभोवती ओरडत उभे होते. मी गठ्ठा उचलला, पापड सुटे करतात तशा घड्या मोकळ्या केल्या आणि परत लावला. प्रिंटर चालू झाला. मॅडम म्हणाल्या, "बेबीताई, आजपासून हा राक्षस तुमचा."

मी मान डोलावून झाडू उचलला. मी बोलायचेच नाही. ऑफिसात कोणी नाव विचारलं तरी माझी मान खाली जायची.

इंग्रजी मला येत नव्हतं. अक्षरं ओळखू यायची, शब्द नाही. आकडे मात्र यायचे. प्रत्येक प्रोग्रामचं एक नमुन्याचं पान मी जपून ठेवलं होतं. यंत्रात काही बदल केला की मॅडम त्याच जुन्या महिन्याचं तेच पान पुन्हा छापायच्या. मी नवीन पान जुन्यावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेवर धरायची. पाठीमागून उजेड आला की खालचं अक्षर वर दिसतं. अक्षरावर अक्षर बसलं तर ठीक. कुठे दुहेरी दिसलं तर तिथे बोट ठेवून मॅडमला बोलवायची. वाचता येणाऱ्या माणसाला चूक पटकन दिसत नाही, कारण त्याला वाटतं तेच तो वाचतो. मला वाचताच येत नव्हतं, म्हणून मला फक्त चूक दिसायची.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला ती मॅडमनी सांगितली आणि मी माझ्या पद्धतीने समजून घेतली.

आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी कोणाच्या घरची नसतात. ती गावकीची. मोठा टोप, पराती, झारे देवळामागच्या खोलीत असतात आणि ज्याच्या घरी लग्न तो घेऊन जातो. प्रत्येकाने घरी एवढा टोप ठेवायचा म्हटला तर माणसं झोपायची कुठे? यंत्रातही तसंच असतं. अक्षर छापायचं, गुणाकार करायचा, तारीख काढायची, ही सगळ्या प्रोग्रामना लागणारी कामं सिस्टीम एका जागी करून ठेवते. त्याला लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम फक्त नाव सांगतो, अमकी लायब्ररी द्या.

आमच्या गावच्या आचाऱ्याचं माप टोपावर होतं. टोपाच्या कडीपर्यंत पाणी आणि एवढ्या पायल्या तांदूळ. एका वर्षी गावकीने जुना टोप मोडीत घालून नवा आणला. चांगला, जाड बुडाचा. नाव तेच, मोठा टोप. आचाऱ्याने कडीपर्यंत पाणी भरलं आणि भाताची पेज झाली. टोप वाईट नव्हता, आचारीही वाईट नव्हता. कडी चार बोटं वर होती एवढंच.

आता म्हणाल, आचाऱ्याने माप बदलावं. माणूस बदलेल. पण तयार झालेला प्रोग्राम म्हणजे दळून आणलेला मसाला. ज्याने तो बनवला त्याच्याकडे मूळ लिहिलेलं असेल तर पुन्हा दळता येतो. नसेल तर त्यातून मिरची वेगळी काढता येत नाही. आमच्याकडचा बचतीचा प्रोग्राम लिहिणारा माणूस मस्कतला निघून गेला होता आणि मूळ लिखाण कुठे आहे हे त्यालाच माहीत.

हा बचतीचा प्रोग्राम एका पॅकिंगच्या कारखान्याचा होता. तिथे औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायला सगळ्या बायकाच होत्या, आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या. दर महिन्याच्या पगारातून बचत कापायची आणि काम सुटताना व्याजासकट परत द्यायची, असा नियम. माझी नणंद सुगंधा तिथे सात वर्षं होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती. तिला बाजारात मासळी विकायला स्वतःचा ओटा घ्यायचा होता. डोक्यावर पाटी घेऊन जिने चढायचे नाहीत, बसून विकायचं, एवढं एकच तिच्या मनात. ओट्याची अनामत त्या बचतीतून निघणार होती.

तेव्हा दोन हजार साल जवळ येत होतं. यंत्रांना दोन शून्यं कळणार नाहीत असा सगळीकडे घोर होता. म्हणून दिघे साहेबांनी नवीन सिस्टीम घालून घेतली. जागा हवी म्हणून डिस्क पुसून कोरी केली. प्रोग्राम आणि माहिती आधी टेपवर उतरवली होती, ती परत चढवली. जुन्या सिस्टीमच्या फ्लॉप्यांचा डबा मॅडमनी माझ्या हातात दिला. "ह्या कचऱ्यात टाका, बेबीताई. आता काही उपयोग नाही."

त्याच महिन्यात पॅकिंगचा कारखाना बंद व्हायचं ठरलं. मॅनेजरचा फोन आला, सगळ्या बायकांची बचत व्याजासकट काढून द्या, शनिवारी वाटप आहे. मॅडमनी प्रोग्राम चालू केला. पडद्यावर एकच ओळ आली आणि सगळं थांबलं. मी ती ओळ माझ्या वहीत उतरवून घेतली, चित्र काढावं तशी. मॅडमनी सांगितलं, "लायब्ररी मिळत नाही म्हणतोय. टेन्शन नको. नवीन लायब्ररी आहे ना, तिला जुनं नाव देते."

त्यांनी तसं केलं. प्रोग्राम चालला. प्रिंटर करकर करत पानं काढू लागला. दिघे साहेब त्या दिवशी आलेले होते, त्यांनी मॅडमची पाठ थोपटली.

मी माझं नमुन्याचं पान काढलं. त्या प्रोग्रामचं माझ्याकडे एकच पान होतं, यादीतलं पहिलं, बारा बायकांचं. मॅडमनी त्याच महिन्याचं पान छापून दिलं आणि मी दोन्ही काचेवर धरली. नावांवर नावं बरोबर बसली. उजवीकडची व्याजाची रांग मात्र दुहेरी दिसली. बाराही ठिकाणी. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त, बहुतेक कमी.

मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्या फोनवर होत्या. मी म्हटलं, "आकडे बसत नाहीत." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. मी थांबले. फोन संपून दुसरा आला. मग कारखान्याचा माणूस यादी न्यायला आला आणि यादी घेऊन गेला. मी हातात दोन पानं घेऊन तिथेच उभी होते.

हीच ती माझी चूक. पाच वाजता पानं घडी करून ठेवली आणि घरी आले.

घरी सुगंधा मासे साफ करत बसली होती. कारखान्यात यादी वाचून दाखवली होती.

"वयनी, मना वाटलं व्हतं जास्त येतील. कमी निघालं." मग तीच हसली. "पन तुज्या मशीनशी निघालंय म्हंजे बरोबरच असल. कारखानेवाला फसवील, मशीन कशी फसवील?"

"चिठ्ठ्या हायेत का तुज्याकडं पगाराच्या? हातानं ताडून बघू," मी म्हटलं.

"त्या कुठं ठेवू? सुकटीच्या पुड्या बांधल्या त्यात."

दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधी मी त्यांच्या खुर्चीजवळ उभी होते. त्या आल्या, पर्स ठेवली आणि फोन वाजला. मी फोनवर हात ठेवला. आजही आठवलं की हात गरम होतो.

"आधी हे बघा," मी म्हटलं, आणि त्यांना खिडकीपाशी नेलं.

मॅडमनी पाहिलं. एकदा, दोनदा. मग खाली बसल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "काल का नाही बोललात?"

"बोलले."

त्यांनी कारखान्यात फोन करून वाटप थांबवायला सांगितलं. मॅनेजर एवढा ओरडला की मला लांबून ऐकू आलं. पुढच्या शनिवारी गेट बंद होणार, त्याआधी बरोबर यादी मिळाली तर ठीक, नाहीतर हीच यादी खरी मानून पैसे देणार.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. बस थांब्यावर त्याच कारखान्यातल्या चार बायका होत्या.

"आली बघ कंप्युटरवाली. हातात येनारं पैसं अडवलंन हिनं."

"चौथी शिकली आनि सायबाची चूक काढते."

"कमी तर कमी, पन मिलत तरी व्हते! गेट बंद झाल्यावर काय खिडकीशी मागायचे?"

सुगंधा त्यांच्यात उभी होती. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "वयनी, तुला खात्री हाय का?"

"खात्री हाय आकडा चुकीचा हाय याची. बरोबर कोनता ते मना ठावं नाय."

"मंग कसं?"

मी उठून सकाळच्या बसचे सुटे पैसे मोजून ठेवले.

ऑफिसात मॅडम डोकं धरून बसल्या होत्या. "व्याजाचा नियम त्या प्रोग्रामच्या पोटात, हाताने काढता येत नाही. जुनी लायब्ररी हवी. तीच, तेवढीच. त्या फ्लॉप्या फेकायला नको होत्या. माझंच चुकलं."

तेव्हा मी सांगितलं की फ्लॉप्या मी फेकल्या नव्हत्या.

याला कारण होतं. दर खंडेनवमीला ऑफिसात कंप्युटरची पूजा व्हायची आणि ती माझ्याकडे असायची. प्रिंटरला झेंडूचा हार, टेपच्या डब्याला गंध, फ्लॉप्या पाटावर मांडून प्रत्येकीला हळद-कुंकू. ज्याची पूजा केली ते कचऱ्यात कसं टाकणार? निर्माल्य आपण खाडीत सोडतो, तसाच डबा खाडीत सोडायचा म्हणून मी घरी नेला होता. पण मग मनात आलं, प्लास्टिक तरंगत राहील, जाळ्यात अडकेल. म्हणून फळीवर तसाच राहिला.

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि मला मिठी मारली. मी डबा आणला. त्या एकेक फ्लॉपी घालत गेल्या. एक, दोन, तीन, सगळ्या वाचल्या. सात नंबर घातली आणि यंत्र खरखर करू लागलं. पुन्हा घातली, पुन्हा खरखर. मॅडमनी ती बाहेर काढून पत्र्याची सरकती पट्टी बाजूला केली. आतल्या काळ्या चकतीवर लाल डाग होता. कुंकू. माझ्याच बोटाचं.

हवी ती लायब्ररी सात नंबरमध्येच होती.

ज्या हाताने डबा वाचवला, त्याच हाताने फ्लॉपी घालवली होती. मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या कापसाने चकती पुसत राहिल्या. चकतीवर ओरखडा उठला आणि आशा संपली.

थोड्या वेळाने त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हीच जुनी सिस्टीम आम्ही एका काट्यावर दिली होती. न्हावा शेव्याच्या रस्त्याला. पण तो घरत शेठ मला दारात उभी करणार नाही."

काटा म्हणजे मालाचे ट्रक तोलायची जागा. घरत शेठच्या काट्यावर आमच्याकडूनच घेतलेला कंप्युटर होता आणि त्याने तो कधी बदलू दिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, हे भंगार फेकून द्या आणि नवीन घ्या. त्याने त्यांना हाकलून दिलं होतं.

"मी जाते," मी म्हटलं. कोण बोललं म्हणून मॅडमनी मागे वळून पाहिलं.

आम्ही दोघी गेलो. मॅडम रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर कंटेनरच्या आडोशाला बसल्या. मी एकटी आत गेले. शेठ पांढऱ्या कपड्यात, गळ्यात चेन, आणि त्याच्या कंप्युटरवर चक्क गोधडी.

"काय पायजे, बाय?"

तोंडातून शब्द फुटेना. मी बाकावर बसले. अर्धा तास बसले. ट्रक येत होते, जात होते. शेठ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "नोकरी पायजे का वर्गनी?"

तेवढ्यात त्याच्या प्रिंटरचा कागद अडकला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. त्याचा माणूस कागद ओढायला लागला, ते मला बघवलं नाही. मी उठले, त्याचा हात बाजूला केला, गठ्ठा सुटा केला, दोन्ही कडांची भोकं प्रिंटरच्या दातांवर बसवली आणि पावती निघाली.

"आता बोल," शेठ म्हणाला आणि चहा मागवला.

कागदाला हात लागल्यावर माझी जीभ सुटली. मी सगळं सांगितलं. सुगंधाचा ओटा, काचेवरचं पान, कुंकू, गावकीचा टोप. टोपाची गोष्ट ऐकून तो मांडीवर थाप मारून हसला. "आमच्याकडं बी असंच झालं व्हतं! पेज वाढली मांडवात!" मग गंभीर झाला. "तुला माझं मशीन बदलायचं नाय?"

"नाय. तुमचा जुना टोप हाय तसाच राहू द्या. त्याच्यासारखा एक मना उतरवून द्या."

"आजपर्यंत जो आला तो बोलला, फेका. ठेवा म्हननारी तू पहिली." त्याने स्वतः गोधडी काढली. "कर."

"मना नाय येत. करनारी बाहेर बसलीय."

त्याने दारातून पाहिलं. "ती? भंगारवाली?"

"तीच."

"बोलव. पन चहा तिचा तिनं पिऊन यायचा."

मॅडम आल्या, मान खाली घालून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प पाहिलं. दहा मिनिटांत काम झालं. कोऱ्या फ्लॉपीवर मी हळद-कुंकवाऐवजी पेनाने सात लिहिलं. निघताना शेठ त्यांना म्हणाला, "म्याडम, हिला पगार किती देता? वाढवा."

ऑफिसात आल्यावर मॅडमनी एक हुशारी केली. जुनी लायब्ररी नवीच्या जागी ठेवली नाही, नाहीतर बाकीचे नवे प्रोग्राम बिघडले असते. तिच्यासाठी वेगळी जागा केली आणि फक्त बचतीच्या प्रोग्रामला सांगितलं, तू आधी इथे बघ. मला लगेच कळलं. नवा टोप देवळामागे राहू दे, जुना टोप वेगळ्या खोलीत ठेव आणि जुन्या आचाऱ्यालाच त्या खोलीची किल्ली दे.

पहिलं पान निघालं. मी फाडलं, नमुन्यावर ठेवलं आणि काचेवर धरलं. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. नावावर नाव, आकड्यावर आकडा. दोन पानं होती असं वाटेचना.

"बसलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं," मी म्हटलं, आणि या वेळी सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं.

त्यानंतर दोन वेळा सिस्टीम बदलली. दोन्ही वेळा जुनी काढायच्या आधी मॅडमनी तिची टेप करून माझ्या कपाटात ठेवली आणि माझी काच झाल्याशिवाय एकही यादी बाहेर गेली नाही. पूजा मी सोडली नाही. फ्लॉपीला मात्र हळद-कुंकू डब्याच्या झाकणावरूनच.

गेट बंद व्हायच्या त्या शनिवारी कारखान्यापाशी टेबल मांडलं होतं. मी यादी घेऊन गेले होते, कारण मॅनेजरने म्हटलं होतं, ज्या बाईने अडवलं तिनेच यावं. बस थांब्यावरच्या त्या चौघी रांगेत पुढे होत्या. एकेकीचं नाव पुकारलं जात होतं. पहिलीने पाकीट मोजलं, पुन्हा मोजलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जास्त हायेत गं." मग मागे वळून ओरडली, "जास्त हायेत! आधीच्या यादीपेक्षा जास्त!"

सुगंधाचं नाव शेवटच्या पानावर होतं. तिने पैसे पदरात बांधले, निळ्या शाईत अंगठा बुडवला आणि माझ्यासमोर नाचवला. "वयनी, ओट्यावर पहिलं पापलेट तुला. फुकट नाय हां, पन स्वस्तात."

सोमवारी सह्या झालेली यादी ऑफिसात परत आली. फाइलला लावायच्या आधी मी सवयीने एकेक पान काचेवर धरलं. प्रत्येक नावापुढे सही किंवा निळा अंगठा होता. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेले. एकही जागा मोकळी नव्हती.